कडक कोण, जव्हार की मी?

मंडळी, जव्हार संस्थानच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा तुम्हीच ठाण्यात बजावलं होतंत, "कडक गाव आहे. परक्याशी कुणी बोलत नाही." दिवाळीपासून तेच बघतोय. जेवतोही एकटा, ओट्यावर बसतोही एकटा.

आज कामासाठी पोशेऱ्याला गेलो. तहान लागली म्हणून एका अंगणात थांबलो. नागली पाखडणाऱ्या आजींनी मानही वर केली नाही. शेवटी मीच म्हटलं, "आजी, पाणी द्याल?"

त्या हसल्याच. "कचेरीतला नवा भाऊसाहेब ना तू? बोलतोस की! आमच्याकडं आलेल्या मानसानं पयली हाक द्यायची, मंग आमी बोलतो. जव्हारात तं सगळी सांगतात, तो लय कडक, कुनाशी बोलत नाय."

आत्ता शेजारच्या ओट्यावर कंदील लागलाय. मघापासून मी नुसता घसा खाकरतोय. पहिली हाक तुम्ही कशी मारता हो?