पांढऱ्या रश्शातलं मीठ

कृष्णाततात्यांच्या खानावळीचा मालक कोण, हे पाटीवर लिहायची गरज नव्हती. तात्यांचा आवाज रंकाळ्यापर्यंत जायचा. भाकऱ्या सून अनुजा थापायची, मटण बायको शालूबाई शिजवायची, पण पांढऱ्या रश्शात मीठ घालायचं ते तात्यांनीच. तीस वर्षांत हा मान त्यांनी सख्ख्या भावालाही दिला नव्हता.

दिवाळीतल्या तापानंतर मात्र तात्यांची जीभ चपलेच्या तळासारखी झाली. तिखट, गोड, सगळं एकच. कळलं तर हातातली पळी जाणार, म्हणून ते अंदाजाने मीठ टाकत राहिले. वर डोळे मिटून अशी मान डोलवायचे, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

त्या रविवारी दुपारी खानावळ गच्च भरली. मुरगूडच्या एका पावण्याने पहिला घोट घेतला आणि त्याचे कान हलले. पण कोल्हापुरात येऊन रस्सा सोसला नाही म्हणायचं कसं? पठ्ठ्याने वाटी संपवली.

"कसा हाय, पावणं?" तात्यांनी विचारलं.

"कडक!" म्हणत त्याने तांब्याच तोंडाला लावला.

सगळ्या टेबलांवरचे तांबे रिकामे, तक्रार एकही नाही. तात्या आत आले. "शाले, लोकं नुसतं पाणी का ढोसत्यात?"

शालूबाईने रस्सा चाखला आणि मोरीकडे पळाली.

"अनुजा, तू मीठ घातलंस?"

"आत्ती, तुम्ही देवळात गेलतासा. मामांनी घातलेलं कमी पडलं, म्हणून घातलं."

"मी जाताना चाखलं तवा कमीच हुतं, म्हणून मीबी आल्यावर घातलं की!"

तात्या चुलीपाशी खिळले. "म्हंजे तुमास्नी ठाऊक हाय?"

"चार महिनं झालं," शालूबाई म्हणाली. "आमटीत साखर पडलेली, तरी दोन वाट्या वरपल्यासा, तवापासनं. कमी असलं तर मीठ घालायचं, जास्त झालं तर नारळाचं दूध. तुमची पाठ वळायची वाट बघत जीव जातोय आमचा."

तात्यांनी पळी अनुजाच्या हातात दिली आणि तरातरा बाहेर गेले.

"मंडळी, रस्सा खारट हाय! गुमान का पिताय?"

"आमाला वाटलं, आमचंच तोंड बिघडलंय," पावणा पुटपुटला.

"बिघडलंय माझं. आता मीठ सून घालणार. तिचं चुकलं तर शिव्या मला घाला, मला सवय हाय."

नवा रस्सा आला. दारात अनुजा पदर चुरगाळत उभी. पावण्याने घोट घेतला, जीभ फिरवली.

"आता जरा कमी—"

"गप खा!" तात्या ओरडले. "सून हाय माझी."