हॅरॉल्ड क्विनच्या घराचं आतलं दार

अमेरिकेत रेडमंडला श्रीरंग दिघेच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. सहा व्हीलचेअर, अकरा वॉकर, कमोडच्या खुर्च्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांसाठी मराठी मंडळींनी घेतलेल्या या वस्तू, ती माणसं परतली किंवा इथेच गेली, की घरात नकोशा होत. श्रीरंग त्या नीट करी आणि शनिवारी डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर नेऊन देई. तिथून असलं दुकान साठ मैलांवर.

"दवाखाना उघडलायस, आता पाटी तेवढी लाव," त्याची बायको सुलेखा म्हणायची.

२००४च्या नोव्हेंबरात त्यानं हॅरॉल्ड क्विनला खुर्ची दिली. हॅरॉल्डचं आयुष्य सफरचंदांच्या बागांत गेलेलं, एक पाय डायबेटिसनं नेलेला. ट्रेलरच्या, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या अरुंद घरात तो आणि बहीण डोरिस. श्रीरंगनं दाराशी बूट काढले.

"घाल रे बूट," हॅरॉल्ड म्हणाला. "तुझे मोजे आमच्या जमिनीपेक्षा स्वच्छ आहेत."

श्रीरंगनं पायटेकणं बसवलं, ब्रेक तपासले, त्याला बैठकीच्या खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या. आतल्या बोळात मात्र तो गेला नाही. परक्याच्या घरात बैठकीपुढे पाऊल टाकायचं नाही, मोरी-संडासाची चौकशी तर नाहीच, हे वळण त्याला पुण्यात लहानपणीच लागलेलं.

"आत सगळं ठीक?" एवढंच त्यानं विचारलं.

"ठीक," डोरिस म्हणाली.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. हॅरॉल्ड बाथरूममध्ये पडला आणि गेला. खुर्ची घेऊन जा, कुणाला तरी उपयोगी पडेल.

"खुर्ची कुठे होती?"

"दाराबाहेर. ब्रेक लावलेले."

शनिवारला चार दिवस होते. मीटिंगमध्ये कुणी खुर्ची सरकवली तरी श्रीरंग दाराकडे बघे. जेवताना, दात घासताना, ती रिकामी खुर्ची कुठल्या तरी चौकटीबाहेर उभीच.

"तू डॉक्टर आहेस का?" सुलेखा म्हणाली. "त्यांनी सांगायला नको? उगाच विषय काढू नकोस. पिक-अप कर आणि ये."

"मी दार बघितलंच नाही गं."

"तिला काय कळणारे!"

शनिवारी तो टेप घेऊन सरळ बोळात गेला. बाथरूमचं दार चोवीस इंच. खुर्ची सव्वीस. मागे डोरिस उभी होती. तिला काहीच न सांगता निघता आलं असतं.

"ही आत जाऊच शकत नव्हती," तो म्हणाला. "मी मापायला हवं होतं. माझी चूक."

"आम्हाला माहीत होतं," डोरिस शांतपणे म्हणाली. "तू गेल्यावर दहा मिनिटांत कळलं. हॅरॉल्ड म्हणाला, माणूस चार तास गाडी चालवून आला, त्याला कुठे नावं ठेवायची? मग रोज इथे ब्रेक लावायचा, चौकट धरायचा आणि एका पायावर आत."

"तीन महिने?"

"तीन महिने. त्याला सवय झाली होती."

चौकटीच्या पांढऱ्या रंगावर, कमरेच्या उंचीला, काळपट डाग होता. रोज एकाच जागी धरलेल्या हाताचा. श्रीरंगनं आपला हात उचलला, आणि तिथे न टेकवताच खाली घेतला.