प्रार्थनेचा विषय

फरीदाबादला आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची संख्या तशी बेताचीच. दर बुधवारी दुपारी आम्ही बायका कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायचो, आणि बरीच वर्षं ती सभा मी चालवत होते. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांत आधी मला कळायचं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आमच्याच सोसायटीत सोलापूरकडची एक मुलगी राहायला आली. नवरा गुडगावला नोकरीला, पदरी चार महिन्यांची लेक. ती आमच्या सभेला यायची आणि मला ताई म्हणायची. एकदा बाळाला माझ्या मांडीवर देऊन तिने सांगितलं, की बाळंतपणानंतर तिला जगावंसंच वाटत नव्हतं. आता डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि बरं वाटत होतं. नवऱ्याला हे ठाऊक होतं, सासूला नव्हतं. "ताई, हे तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी ती सभेला आली नव्हती. प्रार्थनेचे विषय सांगताना मी तिचाही विषय सांगितला. नाव घेतलं नाही. पण तान्हं बाळ असलेली, मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारी बहीण, एवढं म्हटल्यावर नावाची गरजच काय? सगळ्या जणी माझ्याकडे वळून ऐकत होत्या, आणि मी जरा जास्तच तपशिलात गेले.

पंधरा दिवसांत ही गोष्ट सोलापूरला पोचली. सासू आली. असली बाई लेकराचं काय करील सांगता येत नाही, म्हणाली आणि बाळाला घेऊन गेली. नवऱ्याने आईपुढे तोंड उघडलं नाही. त्या मुलीने गोळ्या बंद केल्या. पुढच्याच महिन्यात तिला इस्पितळात ठेवावं लागलं. तीन आठवडे ती तिथे होती.

मग चर्चच्या मंडळीत सगळं बाहेर आलं. बुधवारची सभा माझ्याकडून काढून घेतली. बायका गेटवर भेटल्या तर नुसतं "जय ख्रिस्त" म्हणून पुढे जायच्या. आणि मी फोन करकरून सांगत होते, की मी फक्त प्रार्थना करायला सांगितली, त्यासाठी माझा छळ चाललाय. प्रभूच्या कामात वधस्तंभ उचलावाच लागतो. माझा नवरा एकदाच म्हणाला, आता गप्प बस. मी तेही छळातच जमा केलं.

शेवटी आमच्या चर्चचे म्हातारे पाळक दिल्लीहून मेट्रोने घरी आले. चहा नको म्हणाले. माझं गाऱ्हाणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "ख्रिस्तासाठी सोसणारा धन्य, असं आपण शिकवतो. पण खून, चोरी करून जो भोगतो त्याला धन्य म्हणत नाहीत. आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्यालाही पवित्र शास्त्राने त्याच रांगेत बसवलंय."

"म्हणजे मी खुनी?"

"त्या रांगेत आहात. हे दुःख तुम्हाला टाळता आलं असतं, तोंड मिटून. त्याला वधस्तंभ म्हणू नका. तिच्याकडे जा."

तीन दिवस मला त्यांचा राग राग आला. रागात मी कपाटं आवरली, पडदे धुतले. चौथ्या दिवशी जिना उतरून तिच्या दारात गेले.

दार तिच्या आईने उघडलं. ती गावाहून लेकीजवळ राहायला आली होती. मुलगी पलंगावर बसली होती, गालफडं बसलेली. बाळाचा पाळणा भिंतीला उभा करून ठेवलेला. मी म्हटलं, मी तुझा विश्वासघात केला, मला क्षमा कर. प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं, हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं.



"क्षमा करते, ताई. करायलाच हवी," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करू नका. एकट्यानेसुद्धा नको."

मी हो म्हटलं. यावेळी तिच्या डोक्यावर हात ठेवायची हिंमत झाली नाही.

बाळ सात महिन्यांनी परत आलं. ते आईकडे जाईना, सोलापूरच्या आजीसाठी रडायचं, असं त्या मुलीच्या आईने मला जिन्यात सांगितलं. सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात ते कुटुंब नोएडाला राहायला गेलं.