चार संध्याकाळची बाटली

माझी मावशी वाईनच्या दुकानात कामाला आहे, हे आई कुणाला सरळ सांगत नाही. "आयात-निर्यातीत आहे," असं म्हणते आणि विषय बदलते. त्यात खोटं काही नाही. दुकानामागच्या अरुंद खोलीत बसून परदेशातून आलेल्या नमुन्याच्या बाटल्या चाखायच्या आणि कोणत्या मागवायच्या ते ठरवायचं, हे मावशीचं काम. घरातली मुलं तिला बूचमावशी म्हणतात, कारण तिच्या पर्समध्ये हात घातला की चाव्यांच्या आधी एखादं बूच हाताला लागतं.

मोठ्या कंपन्यांच्या वाईन मालक स्वतःच मागवतात. मावशीकडे आहे ते खिडकीजवळचं एकच कपाट, युरोपातल्या लहान द्राक्षमळेवाल्यांचं. पोर्तुगालमधल्या दोघा भावांची पांढरी, ऑस्ट्रियातल्या एका विधवा बाईची लाल, अशा वाईन. ही नावं कुणी ऐकलेली नसतात, म्हणून किंमत आवाक्यात असते. "चांगली आणि स्वस्त, दोन्ही सापडते," मावशी म्हणायची. "फक्त शोधायला वेळ लागतो."

वेळ तिच्याकडे होता. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. दुकानात उभ्या उभ्या घोट घ्यायचा, तोंडात घोळवून थुंकायचा आणि मत द्यायचं, ही पद्धत तिला पटत नसे. ती बाटली घरी न्यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक ग्लास प्यायची, बूच परत दाबून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा एक ग्लास. एक बाटली तिला चार संध्याकाळी पुरायची. त्या दिवसांत फोन केला तर वाईनबद्दल ती घरी राहायला आलेल्या पाहुणीसारखं बोलायची. "पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसली होती बघ. काल जरा बोलायला लागली." चौथ्या संध्याकाळीही जिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं असेल, ती बाटली मावशी कपाटासाठी निवडायची.

यंदा मात्र कपाटातला माल हलेना.

"अहो बाई," मालक एक दिवस म्हणाले, "तुमचं कपाट नुसतं शोभेचं झालंय. धूळ पुसायला तेवढं बरं. या हंगामात खपलं नाही, तर ती जागा बिअरला देतो मी. तुम्ही बिलांच्या काउंटरवर बसा. पगार आहे तोच."

पगाराची काळजी मावशीला नव्हतीच. काउंटरवर कुणी बाटली उघडत नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

मग तिने आजवर न केलेली गोष्ट केली. कपाटापाशी उभी राहून ती गिऱ्हाइकांना विचारू लागली. एक तरुण मुलगी ओशाळून हसली. "खरं सांगू का, काकू? तुम्ही दिलेली पांढरी फार आंबट निघाली. चौघं होतो आम्ही, चौघांचे दात आंबले."

"आणि दुसऱ्या दिवशी कशी लागली?"

"दुसऱ्या दिवशी?" मुलीला कळेना. "काकू, दुसऱ्या दिवसापर्यंत बाटली उरते कुणाकडे?"

त्या संध्याकाळी मावशीने मला फोन केला. आवाज नेहमीचाच होता. "इतकी वर्षं मी स्वतःपुरतीच वाईन मागवत होते गं," ती म्हणाली. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "शनिवारी ये. बाटली एका बैठकीत संपवायचीय. माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही."

शनिवारी मी गेले, तर खालच्या मजल्यावरचे, चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले आणि त्यांची बायको खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांची आणि मावशीची ओळख जिन्यापुरतीच. घरात वाईनचा ग्लास एकच होता. तो तिने चष्मेवाल्यांच्या बायकोला दिला. आम्हाला पाण्याचे पेले आले. बशीत चीज आणि मिरपूड घातलेले उकडलेले बटाटे होते.

आधी पांढरी उघडली. सगळे तोंडी परीक्षेला बसल्यासारखे गप्प.

"मला विचारू नका," चष्मेवाले म्हणाले. "माझं काम डोळ्यांचं. रंग छान आहे."

"यांना चहात साखर नसली तरी कळत नाही," त्यांची बायको म्हणाली आणि हळूच ग्लास खाली ठेवला. पांढरी अर्धी तशीच राहिली.

मग ऑस्ट्रियातल्या बाईंची लाल. मावशीने वास घेतला आणि मान हलवली. "फिकी आहे. उद्यापर्यंत टिकायची नाही." तरी तिने सगळ्यांना ओतली.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून चष्मेवाल्यांच्या बायकोने सासूबाईंची गोष्ट काढली. लग्न नवीन होतं तेव्हा यांनी चुकून दुसऱ्याच कुणाचा चष्मा आईला दिला होता. "महिनाभर सासूबाई साऱ्या जगाला सांगत होत्या, सून काय देखणी मिळालीय! मग यांना चूक कळली, बरोबर नंबरचा चष्मा आला, आणि संपलं माझं कौतुक."

"अगं, दुरुस्त करायलाच नको होतं मी!" चष्मेवाले म्हणाले.

मावशी हसली. इतकी हसली की तिला स्वतःचा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकातून एक निघत गेलं. मावशीने पुन्हा ओतायला बाटली उचलली, तर ती रिकामी.

ते दोघं गेल्यावर आम्ही भांडी विसळली. मावशी मधेच थांबली. "चव आठवत नाहीये मला," ती म्हणाली. "असं कधी होत नाही."

सोमवारी तिने मालकांना सांगितलं, "ती ऑस्ट्रियाची लाल मागवा."

"का? कशी आहे?"

"संपली."

मालक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मावशी कधी एवढ्यावर थांबत नसे. "म्हणजे काय, बाई?"

"चौघांत एक बाटली. बोलता बोलता संपली. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

मालकांनी ती मागवली. आठवड्याभरात पहिली खोकी रिकामी झाली, तशी आणखी मागवली. बिअरचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता नव्या हंगामाचे नमुने आलेत. परवा मावशी त्यातली एक बाटली घेऊन खाली गेली होती. दाराला कुलूप होतं. चष्मेवाले आणि त्यांची बायको मुलीकडे गेले होते.

"मग?" मी फोनवर विचारलं.

"मग काय, मी आले परत वर."

"उघडलीस?"

"नाही. पुढच्या आठवड्यात येतील म्हणे ते. तोवर राहू दे. तू अभ्यास करत होतीस का?"

"हो."

"बरं. ठेवते मग," ती म्हणाली.

पण फोन तिने ठेवला नाही.