आत्याची जड गोधडी

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की आत्याची गोधडी आठवते. पार्किन्सन्सनं बाबांचं अंग आखडलेलं. त्या जड गोधडीखाली त्यांना कूसही बदलता येईना. पण बहिणीनं हातानं शिवलेली, म्हणून नको म्हणवेना. आत्या संग्रामपूरहून भेटायला आली. "झोप लागते ना रे दादा?" "हाव, मस्त!" माझं डोकंच सटकलं. रुग्णहक्कांची पत्रकं वाटताना चौकात लावते, त्या आवाजात मी ओरडले, "खोटं! या ओझ्याखाली माणूस अडकून पडतो!" आत्यानं गोधडीची घडी घातली. ती गेल्यावर मी बाबांना उठवून अंग सहज सरकावं म्हणून गुळगुळीत सॅटिनची चादर अंथरली, हलकं पांघरूण दिलं. "तिच्या तोंडावर काऊन बोल्ली व?" एवढंच म्हणून बाबा कितीतरी महिन्यांनी स्वतःहून कुशीवर वळले, माझ्याकडे पाठ करून. रुग्णाच्या सन्मानावर मी गावोगाव बोलते. त्या पाठीला 'चुकलं' म्हणायचं मात्र अजून राहूनच गेलंय.