हार जित्या माणसाला

अमूर्त चित्रं कुणी बघायची, हे ठरवलं कुणी? तुम्ही?

नेवाशाजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या बनुबाईंना असलं परस्पर ठरवणं कधी मानवलं नाही. नवरा गेला तेव्हा लेक रुपाली शाळेत होती. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाऊन बाईंनी तिला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. धाकटा दीर रंगनाथ पारावर सगळ्यांदेखत बोलला, "रेघोट्या मारून पोरगी नाव काढनार व्हय?" बाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

यंदा नगरच्या संग्रहालयात रुपालीच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. बाईंनी टेम्पो केला, भावकी भरली आणि रंगनाथला मानानं पुढं बसवलं. त्यांना एकच हवं होतं: पारावर बोललेल्या माणसानं चारचौघांत लेकीचा मान करावा.

आत भिंतभर शेंदरी रंग, मधोमध काळा पट्टा, खाली पांढरे फराटे. रंगनाथनं मान तिरकी केली.

"वहिनी, यात मानूस कुठं हाय?"

"मान सरळ करा भाऊजी, आखडंल. मला बी न्हाई कळलं. पोरगी वकील झाली असती, तर तिचं कायदं मला कुठं कळनार हुतं?"

बायका पदराआड हसल्या. रंगनाथनं पिशवीतून झेंडूचा हार काढला. आणला होता खरा. पण पुतणीपुढं जायचं त्याच्या जिवावर आलं. तो वळला आणि हार चित्राच्या कोपऱ्याला अडकवायला लागला. रखवालदार धावला. त्याच्याआधी बाईंनी दिराचं मनगट धरलं.

"तसबिरीला हार कुनाच्या घालत्यात, भाऊजी?"

रंगनाथचा हात तिथंच थांबला. घरी भिंतीवर थोरल्या भावाचा फोटो होता, हार घातलेला.

"माजी पोर जिती हाय. ती बगा, तितं उभी हाय."

दालनातली सगळी माणसं बघत होती. रंगनाथनं टोपी सारखी केली, रुपालीपुढं गेला आणि हार तिच्या गळ्यात घातला.

"नाव काढलंस, पोरी."

रुपाली पाया पडायला वाकली. बाईंनी डोळ्याला पदर लावला नाही. पाठ ताठ ठेवून त्या पुढच्या चित्राकडं गेल्या आणि भावकीला म्हणाल्या, "चला, हितं गर्दी करू नका. अजून लई बगायचंय."

बाजाराला नगरला आलात तर तुम्हीही जा. कळलं नाही म्हणून मान खाली घालू नका. आणि हार नेणार असाल, तर भिंतीसाठी नेऊ नका.