मेहताबच्या तिन्हीसांजा

मिरजगावच्या इब्राहिम पिंजाऱ्याची बायको मेहताब. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात गाद्या भरून घेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मेहताबला सहावा महिना होता. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी पोटात जायची. उपाशी अशी ती झोपली नाही.

पण दिवस मावळायला लागला की तिच्याभोवतीचं जग विरघळायचं. आधी डोंगर जायचा, मग बाभळी, मग पुढं चालणाऱ्या बायका. उरायचं ते पिंजलेल्या कापसासारखं मऊ, करडं काहीतरी, आणि त्यातून तरंगत येणारे आवाज. तिला भीती वाटायची, आणि बरंही वाटायचं. खडी नाही, भेगाळलेली रानं नाहीत. पोटातलं बाळही असंच काही बघत असेल, असं मनात येऊन ती गालातल्या गालात हसायची. शेजारच्या गोजरबाईचा पदर धरून घरी यायची. पोटुशी बाई, अवघडली असेल, म्हणून गोजरबाईनंही कधी विचारलं नाही.

एका संध्याकाळी मेहताबनं भाकरी तव्यावर टाकायची ती थेट जाळात टाकली. बोटं पोळली. ओरडणं ऐकून गोजरबाई धावत आली. तिनं डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला. पापणी लवली नाही.

"कवापास्नं गं हे?"

"लई दिस झालं, मावशी. सकाळी दिसतं की."

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तिला कामावर आलेल्या नर्सबाईंपुढं उभं केलं.

"रातांधळेपणा आहे. पालेभाजी शेवटची कधी खाल्लीस?"

मेहताबला आठवेना. विहिरी आटल्या तशी मेथी गेली, शेळी विकली तसं दूध गेलं.

"पोट भरतंय, पण डोळ्यांना लागतं ते त्यात नाही. त्यात बाळाचाही वाटा," म्हणत नर्सबाईंनी माशाच्या तेलाची बाटली दिली.

मेहताब नाक दाबून तेल प्यायची. गोजरबाईच्या परड्यातला जुना शेवगा त्या उन्हातही हिरवा होता. त्याचा पाला गोजरबाई रोज शिजवून आणायची, आणि ताटली रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही.

मग एकदा कामावरून येताना बाभळी गेल्याच नाहीत.

"मावशी, तुमच्या नाकातली चमकी दिसती!"

"दिसती ना? मग पदर सोड, फाटंल."

पावसाळा सरता सरता रजिया झाली. मुठीएवढी, पण रडायला खणखणीत. तिला मांडीवर घेऊन मेहताब दारात बसायची. डोंगर काळा होईपर्यंत, बाभळी एकेक करून अंधारात मिसळेपर्यंत बघत राहायची. इब्राहिमनं आतून दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही.